शिबिराला न आलेल्यांचं बीपी कोण मोजणार?

हृदयतपासणी शिबिर झालं की दुसऱ्या दिवशी आकडे झळकतात: इतक्यांची तपासणी, इतक्यांना बीपी. एवढ्यावरून ‘आमच्या वस्तीत हार्ट अटॅकचा धोका अमुक टक्के’ म्हणणं मला मान्य नाही. शिबिराला येतात ते बहुतेक निवृत्त, तब्येतीला जपणारे, आधीच गोळ्या चालू असलेले. चाळिशीतला, रोज दहा सिगारेटी ओढणारा त्या वेळी कामावर असतो. वहीत त्याचंच नाव नसतं.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेला हृदयरोगाचा अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो, पण ही अडचण तिथल्या संशोधकांनाही आली होती. यादीतून निवडलेल्या ६,५०७ जणांपैकी ४,४६९ आले. आपणहून आलेले ७४० मिळवून ५,२०९ झाले. नावानिशी निवडूनही जवळपास एक तृतीयांश बाहेर राहिले, तर मांडव टाकून वाट बघणाऱ्यांचं काय होणार?

म्हणून आधी घरांची यादी करा. दर दहावं घर घ्या आणि त्या घरातला एकच प्रौढ चिठ्ठी टाकून निवडा. दाराला कुलूप असेल तर शेजारच्या घरावर काम भागवू नका. दिवसा घरी सापडणारा माणूस वेगळा असतो, चूक तिथेच शिरते. संध्याकाळी जा, सुट्टीच्या दिवशी जा, तीनदा जा. तरीही न भेटलेल्यांची संख्या अहवालात लिहा.

बीपी मोजताना घाई नडते. पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. हात लोंबकळत राहिला किंवा जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो; मोजताना गप्पा मारल्या तरी तेच. अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा सिगारेट झाली असेल तर थांबा. तीन वेळा मोजा आणि शेवटच्या दोनांची सरासरी घ्या. पाऱ्याच्या किंवा काट्याच्या यंत्राने घेतलेले सगळे आकडे शून्यावर संपत असतील, तर मोजणारा अंदाजे लिहितोय हे पक्कं समजा. बीपी जास्त म्हणायची हद्द १४०/९० ला आहे, त्यामुळे १३६ चे १४० झाले की निरोगी माणूस रुग्णांच्या रकान्यात जातो. अर्थात एका दिवसाच्या मापावर कुणाला ‘बीपीचा पेशंट’ ठरवूच नये.

तंबाखूचा प्रश्न घरच्यांसमोर विचारलात तर उत्तर ‘नाही’च येणार. बाजूला घेऊन विचारा: आयुष्यात कधी घेतली का, शेवटची कधी, रोज किती. चघळायची, नाकात ओढायची वेगळी विचारा. ‘फक्त एकच ओढतो’ म्हणणाऱ्याला सोडून देऊ नका. रोज वीस ओढणाऱ्याच्या वाढीव हृदयधोक्याच्या जवळपास निम्मा धोका त्यालाही असतो.

साखरेचं थोडक्यात: उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास, दुधाचा चहासुद्धा नाही.

आणि दोन वस्त्यांची तुलना वयोगटानुसारच करा. जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे बीपी जास्त दिसणारच, त्यात मिठाचा दोष काढायची घाई नको.