टॉवर दिसतोय, पण आपला नाही

आमच्या गावकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच भांडण चालू आहे: बीएसएनएलला पोर्ट करायचं की नाही. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले तेव्हा ते सुरू झालं, मध्ये जरा शमलं, आणि २७ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुड्याहून बीएसएनएलच्या देशी फोर-जीचं, ९७,५०० टॉवरांचं, उद्घाटन केल्यावर पुन्हा पेटलं. एक काका रोज तिरंग्यासकट टॉवरचा फोटो टाकतात. त्यांचाच पुतण्या खाली लिहितो, "काका, हा फोटो कुठल्या कंपनीच्या नेटवरून टाकलात ते पण सांगा." मी मध्ये तोंड घातलं की ठरलेलं उत्तर येतं: "तुला काय रे, तू अमेरिकेत. तिकडे शेतातसुद्धा फाइव्ह-जी."

तर शेतातलीच गोष्ट सांगतो.

मी आयोवात राहतो आणि शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. ऑक्टोबरात मक्याची काढणी असते. तेव्हा आम्ही शेतकऱ्याच्या हार्वेस्टरवर आमची उपकरणं लावून दिवसभर त्याच्यासोबत फिरतो. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात जमीन सपाट नाही, टेकड्या आणि घळी आहेत. तिथल्या एका शेतावर माझ्या फोनच्या कोपऱ्यात रेंजच्या काड्यांच्या जागी तीन अक्षरं होती: एसओएस. शेजारी बसलेला शेतकरी मात्र त्याच्या फोनवरून मक्याच्या ओलाव्याची पावती मुलाला पाठवत होता. त्याचं सिम तिकडच्या प्रादेशिक कंपनीचं, माझं देशभर जाहिराती करणाऱ्या मोठ्या कंपनीचं. संध्याकाळी मी अकरा मैल गाडी हाकून धान्य साठवणाऱ्या सहकारी संस्थेच्या आवारात गेलो आणि तिथल्या दिव्याखाली गाडीत बसून दिवसाची माहिती वर चढवली. बरं, पलीकडच्या काउंटीत माझ्या कंपनीचा रोमिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या टॉवरवर माझं सिम चालवायचा, करार आहे, पण तिथे दुसरीच गंमत. माझ्या प्लॅनवर ‘अमर्याद डेटा’ ठळक छापलेलं आहे, आणि देशांतर्गत रोमिंगला महिन्याला २०० एमबी हे मुंगीच्या अक्षरांत. २०० एमबी आमच्या यंत्राला नाश्त्यालाही पुरत नाही.

त्या एसओएसचा अर्थ नीट बघण्यासारखा आहे. इथे टॉवर नाही, असं फोन म्हणत नाहीये. टॉवर आहे, त्याच्या लहरी मला ऐकू येतायत, पण तो परक्या कंपनीचा आहे. तू मरायला टेकलास तर तुझा ९११ चा कॉल तो घेईल, एरवी नाही, असं तो म्हणतोय. गावी आईच्या फोनवर हेच मराठीत येतं: ‘फक्त आणीबाणी कॉल’. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून नदीपलीकडच्या सड्यावरचा टॉवर दिसतो. रात्री त्याचा लाल दिवा आईच्या खिडकीतून थेट देवघरासमोर येतो. पण तो एका कंपनीचा, आणि आईचं सिम दुसऱ्या. दोन सिमं घे म्हटलं तर म्हणते, "दोन रिचार्ज कोण मारणार? आणि कुठला नंबर कुणाला दिला ते मी लक्षात ठेवू?" तिचं चुकतंय असं मला वाटत नाही.

म्हणून मला ग्रुपवरचं भांडणच चुकीच्या जागी वाटतं. कुठली कंपनी चांगली, हा शहरातला प्रश्न. जिथे एकच टॉवर आहे तिथे प्रश्न असा हवा, की त्या टॉवरवर सगळ्यांची सिमं का चालत नाहीत?

अमेरिकेने याचं अर्धं उत्तर दिलंय, आणि उरलेल्या अर्ध्यात ती कशी आपटली ते आपण बघून ठेवावं. एप्रिल २०११ मध्ये इथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, नियम केला: दुसऱ्या कंपनीने डेटा रोमिंग मागितलं तर व्यापारी दृष्ट्या वाजवी अटींवर द्यावं लागेल. इथली बडी मोबाइल कंपनी व्हेरायझन कोर्टात गेली, २०१२ च्या डिसेंबरात हरली. ऐकायला छान. पण हा नियम टॉवरवाल्याला विकायला लावतो, तुमच्या कंपनीला विकत घ्यायला लावत नाही. रोमिंगचे पैसे कंपनीला प्रत्येक एमबीमागे मोजावे लागतात, त्यामुळे खेड्यातलं गिऱ्हाईक म्हणजे तिच्या डोक्याला ताप. २०१७ मध्ये व्हेरायझनने १३ राज्यांतल्या ८,५०० ग्राहकांना पत्रं पाठवली: तुमचं रोमिंग फार होतं, दुसरी कंपनी बघा. ही माणसं रोमिंगला फिरायला गेलेली नव्हती. आपापल्या घरात बसली होती. घरच भागीदार कंपनीच्या टॉवरखाली होतं.

दुसरीकडे त्या टॉवरांच्या मालक असलेल्या प्रादेशिक कंपन्या एकेक करून गिळल्या गेल्या. आयोवातली आयवायरलेस २०१८ मध्ये टी-मोबाइल या देशभरच्या बड्या कंपनीत गेली. शिकागोची यूएस सेल्युलर, जिची दुकानं इथल्या छोट्या छोट्या गावांत असत, ऑगस्ट २०२५ मध्ये तिकडेच गेली. टॉवर तेवढे जुन्या मालकांकडे राहिले. माझ्या त्या शेतकऱ्याला याचं सुख की दुःख, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. रोमिंगची कटकट संपेल, म्हणतो, पण बिल वाढलं तर जायचं कुणाकडे?

आपल्याकडे हे सगळं आधीच होऊन गेलंय, आपण विसरलो इतकंच. मुंबई हे मोबाइल परवान्याचं वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट वेगळं. त्यामुळे गणपतीला येणारा चाकरमानी पनवेल मागे टाकून पुढे आला की आपल्याच जिल्ह्यात परदेशी व्हायचा. "रोमिंग लागतंय, ठेव ठेव," हे वाक्य ऐकत आमची पिढी मोठी झाली. मिस्ड कॉलची अख्खी सांकेतिक भाषा त्यातून जन्मली: एक रिंग म्हणजे चिपळूण सोडलं, दोन म्हणजे संगमेश्वर आलं, रिक्षा पाठव. मुंबईची बीपीएल ही मोबाइल कंपनी पुढे लूप झाली आणि २०१४ मध्ये बंद पडली. नंबर न बदलता दुसऱ्या सर्कलमध्ये जायची सोय जुलै २०१५ मध्ये आली. मग डेटा स्वस्त झाला आणि रोमिंग हा शब्दच शहरी माणसाच्या डोक्यातून गेला. खेड्यातल्या माणसासाठी तो परत आणायला हवा, असं माझं म्हणणं.

आणि गंमत म्हणजे सरकारने तो आणलाय. जानेवारी २०२५ मध्ये डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या फोर-जी टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांची सिमं एकमेकांच्या टॉवरवर चालायची सोय सुरू झाली. सुमारे २७ हजार टॉवर, ३५,४०० हून अधिक गावं. कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के या निधीसाठी घेतले जातात, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधून. पैसा सगळ्यांचा, तर टॉवरही सगळ्यांचा, इतका साधा हिशेब. व्यापारी वाजवीपणावर सोडून न देता सरळ जोडून दिलं. अमेरिकेत चौदा वर्षं राहून मी हे म्हणतोय: या एका बाबतीत आपण पुढे आहोत. आमच्या ग्रुपवर मात्र याची एकही बातमी आली नाही. उद्घाटनाचा फोटो चाळीस वेळा आला.

पण नदीपलीकडचा तो टॉवर खासगी पैशाचा आहे, त्यामुळे आईला याचा उपयोग शून्य. तिथेही सक्ती करावी का? कंपन्यांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. मी डोंगरावर डिझेल चढवून टॉवर चालवायचा आणि शेजारच्याने आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, तर पुढचा टॉवर बांधेल कोण? ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने २०१७ मध्ये साधारण याच विचाराने रोमिंगची सक्ती नाकारली. न्यूझीलंडने वेगळी वाट काढली: खेड्यांत तिन्ही कंपन्यांनी मिळून एकच जाळं उभं केलं. मला मधली वाट पटते. बांधणाऱ्याला काही वर्षं एकट्याला कमावू द्यावं, मग ठरलेल्या दरात सगळ्यांना खुलं, आणि विकत घ्यायची सक्ती ग्राहकाच्या कंपनीवरही. हे दुसरं कलम विसरलं की आपलाही अमेरिकेसारखाच फज्जा.

तांत्रिक अडचणीचं मात्र कुणी सांगू नये. २०११ मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया थ्री-जीसाठी हेच आपसात करत होत्या, तेव्हा सरकारनेच ते थांबवायला सांगितलं होतं. २०१४ मध्ये दूरसंचार न्यायाधिकरणात कंपन्या जिंकल्या. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा काही जिल्ह्यांत कुठल्याही सिमला कुठलाही टॉवर खुला केला होता. निसर्ग वादळानंतर कोकणाने जे मुके दिवस काढले, ते आठवून मला ती बातमी वाचताना हेवा वाटला होता.

राहता राहिले ते कुठे रेंज आहे हे दाखवणारे कंपन्यांचे हिरवे नकाशे. इथे एफसीसीच्या लोकांनी स्वतः गाड्या फिरवून मोजलं, तर नकाशात कबूल केलेला किमान वेग जेमतेम ६२ टक्के चाचण्यांत मिळाला. ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, आता आपल्याकडच्या कंपन्यांनाही नकाशे जाहीर करायला लावलंय. त्यात आमची वाडी हिरवीगार आहे. पावसाळ्यात असते, हे खरंय.

यंदा गणपतीला मी गावी होतो. घरात अठरा फोन आणि तीन कंपन्या. माजघरात एक लागते, पडवीत दुसरी, तिसरी फक्त विहिरीच्या कठड्यावर. चुलतभावाच्या बारा वर्षांच्या मुलाच्या फोनला पडवीत बऱ्यापैकी फोर-जी मिळत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलला आणि दर लावला: अर्ध्या तासाला एक मोदक. काकांनी, तेच तिरंग्याच्या फोटोवाले, घासाघीस करून तासाला एकवर आणला आणि आरतीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला.