एक स्टार देणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या तक्रारी इथे सगळ्यांनी वाचल्यात, तेव्हा उत्तरही इथेच देतो. तुमचं म्हणणं असं: आमच्याकडून पाच किलोवॅटचं सोलर बसवूनही सबसिडी ७८,००० रुपयेच आली, म्हणजे मधले पैसे आम्ही खाल्ले. ती रक्कम कोटेशनमधून आधीच वजा केली नाही. दिवाळीला ॲडव्हान्स दिला आणि मीटर बसायला मे उजाडला, शेजाऱ्यांचं मात्र महिन्यात झालं. स्ट्रक्चरचे, म्हणजे पॅनेलखालच्या सांगाड्याचे, जादा पैसे लावले, जे पुण्यातल्या तुमच्या भावाला लागले नाहीत. लाईट गेली की सोलरही बंद पडतं, बिल शून्य आलं नाही, आणि होमस्टेच्या खोल्या घरच्या सोलरवर जोडून मागितल्या तर आम्ही नाही म्हणालो.

पहिला आरोप चोरीचा आहे, म्हणून आधी तोच. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. बेरीज ७८,०००, आणि गाडी तिथेच थांबते. पुढे पाच लावा नाहीतर दहा, वर एक रुपया नाही. हे पैसे सरकारकडून थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. माझ्या हातातून ते जातच नाहीत, तर मी खाणार कुठून? तुमच्या घराला तीन किलोवॅट पुरतील असं मी सांगितलं होतं. दोन एसी आणि इंडक्शन घ्यायचं ठरलंय म्हणून पाचचा आग्रह तुमचा होता. त्यात चूक काहीच नाही, पण वरच्या दोन किलोवॅटचा खर्च पूर्ण आपल्या खिशातून होतो हे कोटेशनवर मराठीत लिहून दिलं होतं.

सबसिडी वजा करून भाव सांगणारे धंद्यात आहेत. मी सांगत नाही, आणि पुढेही सांगणार नाही. सेट बसला, नेट मीटर (आलेली आणि गेलेली दोन्ही वीज मोजणारं) लागलं, महावितरणने तपासणी केली, की मग ग्राहकाने योजनेच्या पोर्टलवर बँक खातं द्यायचं आणि त्यानंतर पैसे येणार. एवढ्या पायऱ्यांवर कुठे नावात एक अक्षर चुकलं तरी फाईल अडते. आधीच वजा केले तर अडकतात माझे पैसे, आणि नंतर वसुलीला तुमच्या पडवीत येऊन बसायचं मी. पाच माणसांचा पगार असल्या भरवशावर होत नाही. एकरकमी जड जातं त्यांच्यासाठी बँका या योजनेत तीन किलोवॅटपर्यंत तारण न घेता कर्ज देतात; तो कागदही मी पुढे ठेवला होता.

आता उशीर. बिल सासऱ्यांच्या नावावर होतं आणि ते आता नाहीत, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय, म्हणून बोलतो. नाहीतर घरातली गोष्ट मी इथे काढली नसती. बिलावर ज्याचं नाव त्याच्याच नावाने अर्ज होतो आणि पैसेही त्याच्याच खात्यात येतात. गेलेल्या माणसाच्या नावाने अर्ज कसा करणार? नाव बदलायला वारसांच्या सह्या लागल्या, आणि वारस मुंबईला. चाकरमानी शिमग्याला गावी आले तेव्हा कुठे त्या सह्या झाल्या. आपल्याकडे निम्म्या घरांचं हेच आहे. घर सामाईक, मीटर आजोबांच्या नावावर, आणि तीस वर्षं कुणी हात लावलेला नाही, कारण बिल भरलं जातंय तोवर कुणाचं काही अडत नाही. आता मी सोलर बघायला गेलो की छप्पर नंतर बघतो, आधी लाईटबिल मागतो. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी पॅनेलचे भाव विचारत फिरण्याआधी बिलावरचं नाव बघावं. शेजाऱ्यांचं काम महिन्यात झालं ते एवढ्याचसाठी. मीटर त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं.

स्ट्रक्चरला पैसे लागले, खरंय. पुण्यातल्या तुमच्या भावाच्या गच्चीवर खारा वारा येत नाही. समुद्राला लागून साधं रंगवलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत पोपडे धरतं. म्हणून हॉट डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, सांगाडा आणि स्टेनलेसचे नट-बोल्ट. कौलांवर पॅनेल नको म्हणून मागच्या स्लॅबवर घेतली तीही वाऱ्यासाठीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडला काय झालं ते तुम्हीही पाहिलंय. शिवाय कौलांवर बसवलेली पॅनेल धुवायला दर महिन्याला कोण चढणार?

लाईट गेली की सोलर बंद, ही तक्रार मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची लाईन मेली की स्वतःहून थांबतो, त्याची रचनाच तशी आहे. तो चालू राहिला तर तुमच्या छपरावरची वीज उलटी खांबावर जाईल. तारेवर माड पडलाय, वायरमन खांबावर चढलाय, लाईन बंद आहे असं समजून त्याने तारेला हात घातलाय, आणि तुमच्याकडून करंट येतोय. एवढं डोळ्यांसमोर आणा. लाईट नसतानाही घर चालवायचं तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचं वेगळं कोटेशन मी दिलं होतं, खर्च जास्त वाटला म्हणून तुम्ही सोडलं.

बिलाचं म्हणाल तर तुम्ही लिहिताय ऑगस्टमध्ये. पाच किलोवॅट स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण २० युनिट देतात, पण आषाढ-श्रावणात आपल्याकडे ऊन असतं कुठे! एप्रिल-मेमध्ये जास्तीचे युनिट खात्यात जमा होतात आणि पावसाळ्यात ते वापरले जातात. तुमचं मीटर मेअखेरीस बसलं, त्यामुळे यंदा जमा काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी फरक दिसेल. ही जमा आर्थिक वर्षापुरती असते, ३१ मार्चला हिशोब मिटतो. आणि स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा न वापरा बिलात येणारी ठरावीक रक्कम, सगळ्यांनाच भरावा लागतो, त्यामुळे कोरं शून्य बिल मी कुणालाच कबूल करत नाही.

राहिल्या खोल्या. त्यांचा मीटर व्यापारी आहे. घरगुती मीटरची वीज तारा ओढून तिथे दिली तर तो विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर होतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. ती नोटीस तुमच्या नावाने आली असती, माझ्या नाही. व्यापारी मीटरला सूर्यघरची सबसिडी नाही. कुणी मिळवून देतो म्हणाला तर तो काय खोटं लिहिणार आहे ते आधी विचारा. पण व्यापारी युनिटचा दर घरगुतीपेक्षा चढा असतो, म्हणून सबसिडीशिवायही तिथला खर्च बऱ्यापैकी लवकर सुटतो. धंद्याचं रिटर्न भरत असाल तर सोलरवर ४० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत, खर्च म्हणून) दाखवता येतो, तुमच्या सीएंना विचारा. मन असेल तर खोल्यांच्या मीटरची मागच्या वर्षभराची बिलं पाठवा. दिवाळी आणि मे महिन्याच्या गर्दीतले आकडे बघितल्याशिवाय मी किलोवॅट सांगणार नाही, आणि खोल्यांच्या पश्चिमेला जे दोन माड आहेत त्यांची सावली दुपारी तीननंतर कुठवर येते तेही येऊन बघावं लागेल.