फाइल घरातल्या घरात जाते, मग प्लॅन कशाला वाढवायचा?

घरातल्या दोन लॅपटॉपमध्ये वाय-फायने फाइल हळू जात असेल, तर काय करावं याचा एक ठरलेला सल्ला सगळीकडे फिरत असतो: इंटरनेटचा प्लॅन वाढवा, डीएनएस बदला, विंडोजने अडवून ठेवलेली २० टक्के बँडविड्थ सोडवा, ऑटो-ट्यूनिंग बंद करा, आणि तरीही फरक पडला नाही तर १२०० एमबीपीएसचा राउटर आणा. लोक यावर पैसे घालवतात आणि फाइल होती तशीच रांगत राहते. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

प्लॅनपासून सुरुवात करू. फाइल पहिल्या लॅपटॉपवरून राउटरला आणि राउटरवरून दुसऱ्या लॅपटॉपला जाते. ती घराबाहेर पडतच नाही. खात्री करायची असेल तर कॉपी चालू असताना राउटरच्या वॅन पोर्टमधली, म्हणजे बाहेरून इंटरनेट आणणारी, केबल काढा. इंटरनेट जाईल, कॉपी चालूच राहील. प्लॅनचा संबंध येतो तो गूगल ड्राइव्हसारख्या सेवेतून फाइल फिरवत असाल तरच. डीएनएसचंही तेच: त्याचं काम नावावरून पत्ता शोधण्यापुरतं. कॉपी सुरू झाली की त्याला विचारतं कोण?

२० टक्क्यांची गोष्ट विंडोज एक्सपीच्या काळापासूनची आहे, आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हाच ती खोडून काढली होती. एखाद्या प्रोग्रॅमने प्राधान्य मागितलं तरच तो वाटा राखला जातो, आणि तो प्रोग्रॅम काही पाठवत नसेल तेव्हा तोही इतरांना मिळतो. ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथे शून्य टाकल्याने हाती काही लागत नाही.

ऑटो-ट्यूनिंग बंद करणं मात्र नुसतं निरुपयोगी नाही, नुकसानीचं आहे. पोच येण्याआधी किती डेटा वाटेत असू द्यायचा, हे विंडोज या सोयीने ठरवतं. ती बंद केली की मर्यादा साधारण ६४ केबीवर अडकते. गर्दीच्या वाय-फायवर डेटा जाऊन पोच यायला ५ मिलिसेकंद लागत असतील, तर एका कनेक्शनला सेकंदाला १३ एमबीच्या वर जाताच येणार नाही, मग राउटर कितीही भारी असो. कुणाचं ऐकून ती बंद केली असेल, तर पुन्हा 'नॉर्मल' करा.

आता १२०० चा राउटर. राउटर दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर, चालतो; हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची साधारण बेरीज. लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर असतो, म्हणजे कमाल ८६७, तेही त्याला दोन अँटेना असतील तर. एकच असेल तर ४३३. शिवाय हे मेगाबिट आहेत. कॉपीच्या खिडकीत मेगाबाइट दिसतात, म्हणून ८ ने भागा. हवेतला प्रत्यक्ष वेग लिंक स्पीडच्या, म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यात ठरलेल्या या कागदी वेगाच्या, निम्म्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे ८६७ वर सेकंदाला ५५ ते ६० एमबी.

सगळ्यात मोठी गळती पुढे आहे. दोन्ही लॅपटॉप एकाच बँडवर असतील, तर डेटाचा प्रत्येक तुकडा (पॅकेट) हवेतून दोनदा जातो, आणि एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. वेग थेट अर्धा होतो. त्यामुळे नवा राउटर घेण्याआधी एक मशीन राउटरला केबलने जोडा. बहुतेक घरांत एवढ्याने काम होतं. केबल जोडल्यावर वेग ११-१२ एमबीवर खिळून राहिला तर ओळखा की कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट आहे, किंवा केबलच्या आठपैकी एखादी तार क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाला प्लग बसवताना, निसटली आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात.

केबल शक्य नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडून लिंक स्पीड बघा. ७२ किंवा १४४ दिसत असेल तर लॅपटॉप बहुधा २.४ वर आहे, त्याला ५ वर आणा. राउटरच्या जवळ बसूनही ५४ च्या वर जात नसेल तर राउटरची सुरक्षा बघा: टीकेआयपी या जुन्या सुरक्षा पद्धतीवर वाय-फाय ५४ च्या पुढे जात नाही, डब्ल्यूपीए२-एईएस निवडा. २.४ वरच राहावं लागत असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ मधला कमी गर्दीचा घ्या, आणि यूएसबी ३ ची पोर्टेबल हार्ड डिस्क वाय-फाय डाँगलच्या शेजारच्या पोर्टात लावू नका. तिच्या केबलमधून निघणारा गोंगाट नेमका याच बँडवर पडतो. डाँगल मीटरभर एक्स्टेन्शन केबलवर लांब न्या.

लिंक चांगली असूनही कॉपी हळू असेल तर दोन्ही मशीनवर आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवा, एकावर सर्व्हर, दुसऱ्यावर क्लायंट. तो डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतो. तिथे ४०० मेगाबिट आणि कॉपीत ८ एमबी दिसत असेल, तर दोष वाय-फायचा नाही. स्वस्त पेन ड्राइव्हवर थेट कॉपी करत असाल, तर अडखळतो तो पेन ड्राइव्ह. आणि हजारो छोटे फोटो असतील, तर प्रत्येक फाइल उघडण्या-मिटवण्यातच वेळ जातो. आधी सगळ्यांची एकच झिप करा, कॉम्प्रेशन न लावता, आणि ती पाठवा.