‘सपाट पृथ्वी’ची थाप एकट्या अर्व्हिंगच्या नावावर टाकू नका

कोलंबसाच्या काळात सगळे पृथ्वी सपाट मानायचे आणि त्याने ती गोल आहे हे दाखवून दिलं, ही गोष्ट लहानपणी आपण बऱ्याच जणांनी ऐकलीये, आणि ती खोटी आहे हेही आता पुष्कळांना माहीत झालंय, ते चांगलंच झालं. पण तिच्या जागी आता दुसराच मेसेज फिरतोय आणि तो पुढे पाठवणारे बहुतेक वाचणारे, अभ्यासू लोक आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. मेसेज थोडक्यात असा: ही थाप वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन गोष्टीलेखकाने १८२८ साली एकट्याने रचली, कागदपत्रं न बघता मनानेच कोलंबसाचं चरित्र लिहिलं आणि बक्षीस म्हणून त्याला स्पेनमधला अमेरिकेचा राजदूत केलं. चरित्र १८२८ ला आलं एवढं बरोबर आहे, बाकीचं टिकत नाही.

आधी ‘एकट्याने रचली’ घेऊ. अर्व्हिंगचा जन्म १७८३ चा, न्यूयॉर्कचा. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचं व्हर्जिनियावरचं पुस्तक पॅरिसमध्ये १७८५ ला छापलं गेलं तेव्हा हा दोन वर्षांचा होता, आणि त्या पुस्तकात जेफरसन सरळ लिहून जातो की पृथ्वी गोल म्हटली म्हणून गॅलिलिओला इन्क्विझिशनपुढे (चर्चच्या धर्मन्यायालयापुढे) उभं केलं, कारण सरकारने ती ताटासारखी सपाट ठरवलेली होती. हे साफ चूक आहे, गॅलिलिओचं भांडण पृथ्वी फिरते की नाही यावरून होतं, आकारावरून नाहीच. पुढे १७९० च्या दशकात थॉमस पेन या राजकीय लेखकानेही तसंच काहीसं लिहिलं, की पृथ्वी गोल म्हणणाऱ्या एकाला जाळायची शिक्षा झाली होती. म्हणजे जुने धर्मपंडित पृथ्वी सपाट मानायचे ही समजूत अर्व्हिंगने लेखणी हातात घ्यायच्या आधीच शिकलेल्या लोकांत होती.

मग अर्व्हिंगने काय केलं? त्याने स्पेनमधल्या सालामांका इथल्या पंडितांपुढे कोलंबस आपल्या सफरीची योजना घेऊन एकटा उभा आहे असा प्रसंग रंगवला, समोर धर्मग्रंथांतले आणि लॅक्टँशियससारख्या जुन्या ख्रिस्ती लेखकांचे दाखले तोंडावर फेकणारे लोक, आणि हा प्रसंग त्याने पुराव्यापेक्षा फार पुढे नेला. तो दोष त्याचाच, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण तेच प्रकरण पुढे वाचा ना! त्यात तो स्वतःच सांगतो की जास्त जाणकार असलेल्यांनी पृथ्वी गोल असल्याचं मान्य केलं होतं आणि त्यांची हरकत वेगळी होती, मधल्या उष्ण पट्ट्यातून माणूस जिवंत पलीकडे जाऊच शकणार नाही ही. हा भाग मेसेजवाले सोडून देतात, आणि खरं तर शाळेच्या पुस्तकांसाठी गोष्ट लिहिणाऱ्यांनीही तो सोडूनच दिला होता.

(खरा वाद अंतराचा होता. कोलंबसाच्या हिशोबाने कॅनरी बेटांपासून जपान साधारण ४,५०० किलोमीटर, प्रत्यक्षात ते १९,००० च्याही वर भरतं. त्याचा हिशोब चुकलेला होता आणि त्याची योजना तपासणाऱ्यांची शंका रास्त होती, मध्ये अमेरिका लागली म्हणून तो वाचला.)

आता ‘कागदपत्रं न बघता’. हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. १८२६ ला अर्व्हिंग माद्रिदला गेला तोच मुळी कागदपत्रांसाठी. नव्हारेते या स्पॅनिश इतिहासकाराने कोलंबसाच्या प्रवासांची मूळ कागदपत्रं नुकतीच छापायला घेतली होती, आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर कर म्हणून तिथला अमेरिकेचा राजदूत अलेक्झांडर एव्हरेट याने त्याला बोलावलं होतं. तिथे तो ओबदाया रिचच्या घरात राहिला. हा रिच जुनी स्पॅनिश पुस्तकं आणि हस्तलिखितं जमवणारा माणूस, आणि लास कासास या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश धर्मगुरूचा इंडीजचा (म्हणजे स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेचा) इतिहास, जो छापून यायला १८७५ उजाडलं, तो अर्व्हिंगने हस्तलिखितातून वाचला. भाषांतर करता करता त्याला वाटलं की नुसती कागदपत्रं कोण वाचणार, म्हणून चरित्र लिहायला घेतलं. पुस्तक आल्यावरही थांबला नाही, सेव्हिलच्या दप्तरखान्यात गेला, कोलंबस जिथून निघाला त्या पालोसला जाऊन आला. स्पेनच्या इतिहास अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं ते उगाच नाही.

आणि ही थाप एवढी पसरली कशी? १८३४ ला फ्रान्समध्ये लेत्रोन या अभ्यासकाने जुने ख्रिस्ती धर्मपंडित सपाट पृथ्वी मानायचे असं विद्वत्तेच्या थाटात मांडलं. मग अमेरिकेत १८७४ मध्ये जॉन विल्यम ड्रेपर आणि १८९६ मध्ये अँड्र्यू डिक्सन व्हाइट, दोघांनी विज्ञान विरुद्ध धर्म असा मोठा सामना उभा केला आणि कोलंबसाला त्यात आणून बसवलं. यातला व्हाइट तर कॉर्नेल विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष आणि स्वतः जर्मनी, रशियात अमेरिकेचा राजदूत होता, आणि त्याचं नाव मात्र मेसेजमध्ये कधीच नसतं. १९९१ ला जेफ्री बर्टन रसेल या इतिहासकाराने हा सगळा माग काढला तेव्हा त्यानेही अर्व्हिंगसोबत लेत्रोनचं नाव घेतलं होतं.

राहिलं राजदूतपद. अर्व्हिंग १८२९ ते १८३२ लंडनच्या अमेरिकन वकिलातीत सेक्रेटरी होता, आणि अमेरिकन जहाजांना ब्रिटिश वेस्ट इंडीजचा व्यापार परत मोकळा झाला त्या वाटाघाटींत त्याने तिथला राजदूत लुई मॅक्लेनच्या हाताखाली काम केलेलं. स्पेनची नेमणूक अध्यक्ष टायलरने १८४२ ला केली, म्हणजे पुस्तकानंतर तब्बल १४ वर्षांनी, आणि ते पद काही आरामाचं नव्हतं: गादीवर ११ वर्षांची इसाबेला, तिच्या वतीने कारभार बघणारा रीजंट एस्पार्तेरो याला वर्षभरात देश सोडून पळावं लागलं, सरकारं सारखी बदलत होती आणि अर्व्हिंगची तब्येत खालावलेली. तरी तो १८४६ पर्यंत त्या जागेवर होता, आणि शेवटी शेवटी ओरेगनच्या सीमेवरून अमेरिकेचा ब्रिटनशी वाद चिघळला तेव्हा मॅक्लेनला मदत करायला पुन्हा लंडनला गेला.