सर्च कन्सोलमधले शब्द पेरून साइट वर येत नाही

साइट चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला फिरतो आहे: गूगल सर्च कन्सोल (आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते साइटमालकाला दाखवणारं गूगलचं साधन) उघडा, सगळ्यात जास्त इम्प्रेशन (म्हणजे शोधनिकालांत साइट जितक्या वेळा दिसली तो आकडा) असलेले शब्द उचला, ते पानभर पेरा, प्रत्येक शब्दासाठी वेगळं पान काढा आणि शोधनिकालांतला साइटचा सरासरी क्रमांक सुधारतो का ते बघा. या सल्ल्यापायी चांगली मराठी पानं वाचवेनाशी होतात, म्हणून उत्तर देतो.

‘लोक काय शोधतात ते सगळं तिथे दिसतं.’ दिसत नाही. मोजक्याच लोकांनी केलेले शोध गूगल खाजगीपणासाठी यादीतून वगळतं. तिथल्या आलेखातल्या क्लिकची बेरीज आणि त्याखालच्या शोधशब्दांच्या यादीतली बेरीज जुळत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. छोट्या मराठी साइटवर एकेक प्रश्न विचारणारे थोडेच असतात, त्यामुळे तिथे ही गळती जास्त जाणवते.

‘जास्त इम्प्रेशनचे शब्द पेरा.’ सगळ्यात नुकसान करणारा भाग हाच. समजा, सातबारा उतारा कसा काढायचा यावर तुमचं पान आहे. ‘सातबाऱ्यावर वारस नोंद कशी करावी’ या शोधात ते पुष्कळदा दिसतं, पण क्लिक जवळजवळ नाहीत. इथे ‘वारस नोंद’ हे शब्द वीस वेळा घालून काय मिळणार? विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक कुणी गेलेलं असतं. अर्ज कुठे करायचा, मृत्यूच्या दाखल्यासोबत काय जोडायचं, ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून अर्ज कसा भरायचा, हरकतीची मुदत किती, हे त्याला हवंय. तुमच्या पानावर त्याबद्दल एकच ओळ असेल, तर उणीव तिथे आहे. स्वतंत्र, नीट पान लिहा आणि जुन्या पानावरून त्याची लिंक द्या. शब्द कोंबणं तर गूगलच्या धोरणानुसार स्पॅमच ठरतं. कीवर्ड मेटा टॅगचा (पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेल्या शोधशब्दांच्या यादीचा) क्रमवारीसाठी उपयोग करत नाही, हेही गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं.

‘प्रत्येक शब्दाला वेगळं पान.’ कुणी ७/१२ लिहितं, कुणी सातबारा, कुणी रोमन लिपीत टाइप करतं. गरज एकच, तर पानही एकच पुरे. निव्वळ शोधशब्द पकडायला काढलेली जवळजवळ सारखी पानं गूगल ‘डोअरवे’ मानतं, म्हणजे लोकांना फक्त आत ओढायला उघडलेली दारं, आणि तीही स्पॅममध्येच धरतं.

‘सरासरी क्रमांक बघा.’ या आकड्यात तुमच्या साइटचं नाव टाकून आलेले शोधही मिसळलेले असतात. तिथे तुम्ही बहुधा पहिलेच असता, त्यामुळे सरासरी उगाच छान दिसते. उलट, नवं पान नव्या प्रश्नांसाठी चाळिसाव्या क्रमांकावर दिसू लागलं की सरासरी घसरते, आणि लोक घाबरून चांगला बदल मागे घेतात. त्यापेक्षा एक पान आणि एक प्रश्न फिल्टर करा, बदलाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे शेजारी ठेवा. माहिती १६ महिन्यांची मिळते, त्यामुळे प्रवेश किंवा पेरणीसारख्या हंगामी विषयांत गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशीही ताडून पाहता येतं.