एका मॅचपुरता माणूस

आज दुपारी डबा खाताना ऑफिसातला एक जण म्हणाला, "दीडशे वर्षांपूर्वी एखादी मॅच खेळून गेलेल्या माणसाचं खरं नाव शोधत बसतात? कामधंदे नाहीत का लोकांना?" सगळे हसले. मी गप्प बसलो. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि ते हसणं डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

विषय मीच काढला होता, अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉलचा. तिथली पहिली व्यावसायिक लीग १८७१ ची. पेपरात धावफलक यायचा तो बहुतेक नुसत्या आडनावांचा, आणि त्यातली काही आडनावंही खोटी. पैसे घेऊन खेळणं घरच्यांना कमीपणाचं वाटायचं, कॉलेजला कळलं तर संघातून हकालपट्टी. मग पोरं दुसऱ्याच नावाने मैदानात उतरायची. आज काही वेडी माणसं जनगणनेचे कागद, कोण कुठे राहतो आणि काय धंदा करतो हे छापणाऱ्या शहरांच्या जुन्या डिरेक्टऱ्या, निधनाच्या बातम्या असं सगळं ताडून त्यांची खरी नावं शोधतात. त्यात १८९० च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद वॉशिंग्टनच्या १९२१ च्या आगीपायी गेले. म्हणजे ही पोरं संसाराला लागली, नेमकी तीच वर्षं गायब. तरी शोधतात.

मला हे का लागतं ते सांगतो. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. कबड्डीत त्यांची चढाई बघायला म्हणे लोक भिंतीवर चढून बसायचे. पण गिरणीच्या संघात कायम कामगारच हवा असा नियम. एका सामन्याला एक कायम गडी तापाने आडवा झाला आणि त्याच्या नावावर आजोबांना उतरवलं. सामना जिंकला, पेपरात आलं. ते कात्रण आजीच्या ट्रंकेत आहे. चढाई आजोबांची, नाव दुसऱ्याचं.

तर, खोटं नाव लावलं म्हणजे फसवणूक, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐका. एडी कॉलिन्स १९०६ साली फिलाडेल्फियाकडून 'सलिव्हन' म्हणून खेळला, कारण तो अजून कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. (हो, बाबासाहेब पुढे १९१३ ला जिथे गेले तेच कोलंबिया.) हाच कॉलिन्स पुढे बेसबॉलमधला थोर खेळाडू ठरला. आणि जिम थॉर्प? तो मूळनिवासी पोरगा १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला, आणि तेही स्वतःच्या नावाने. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेतली. का, तर म्हणे आधी पैसे घेऊन खेळलास. तो १९५३ ला गेला. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव परत लागलं ते २०२२ साली! खरं नाव सांगणाऱ्याला ही शिक्षा असेल तर गरीब पोराने काय करायचं होतं? आणि वर आपण डबा खाता खाता हसायचं?

आजोबांनीही आपलं नाव सांगितलं असतं तर बदलीचं कामही गेलं असतं.

एक मान्य करतो. काहींना सापडायचंच नसेल. विल्यम एडवर्ड व्हाइट हा ब्राउन विद्यापीठाचा विद्यार्थी २१ जून १८७९ ला प्रॉव्हिडन्सकडून एकच मॅच खेळला. पहिल्या बेसवरचा नेहमीचा खेळाडू जखमी होता म्हणून. चार वेळा बॅटिंग, एक हिट, एक रन, संघ जिंकला. पुढे सव्वाशे वर्षांनी संशोधकांनी शोधलं की तो जॉर्जियातल्या एका मळेवाल्याचा मुलगा आणि आई त्याच मळेवाल्याची गुलाम, हॅना. म्हणजे मोठ्या लीगमधला पहिला काळा खेळाडू म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या १९४७ च्या जॅकी रॉबिन्सनच्या ६८ वर्षं आधी. पण १८८० च्या जनगणनेत त्याची नोंद गोरा म्हणून आहे आणि तो जगला तसाच. त्याला हे उघड झालेलं आवडलं असतं का? नसतंही. पण हॅनाचं नाव आज लोकांना माहीत झालं ते या शोधामुळेच, आणि मला तेवढं पुरतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ऑफिसातल्या त्या मित्राचा आजोबा कुणाच्या नावावर खेळला नसेल, त्याला कसं कळणार.

एक मात्र आत्ताच लक्षात आलं. तापाने आडवा झालेला तो गडी, त्याच्याही घरी हेच कात्रण असेल. त्याची नातवंडं "आमच्या आजोबांनी सामना काढला" म्हणून ते दाखवत असतील. ज्या सामन्यात तो नव्हताच, त्याचं. मला ते कात्रण त्यांच्याकडून हिसकावायचं नाहीये. त्याने आपलं नाव दिलं नसतं तर आजोबा त्या दिवशी खेळलेच नसते.

लालबाग-परळच्या कुणाच्या घरी गिरणी कबड्डीचे पन्नासच्या दशकातले फोटो असतील तर मागची बाजू बघा हो. पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर मला इनबॉक्समध्ये पाठवा. आजोबांचा एकही खेळतानाचा फोटो आमच्याकडे नाही. डाव्या भुवईवर खोक आहे, त्यावरून मी ओळखेन.