"रिकामपणाचे उद्योग" म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मागच्या आठवड्यात ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या गल्लीच्या गटाबद्दल लिहिलं होतं, त्याच्यावर "अस्सल नौपाडाकर" या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. खालीच चार ओळी लिहून सोडून देणार होते पण उत्तर लांबत गेलं, म्हणून वेगळी पोस्टच टाकतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती प्रतिक्रिया जशीच्या तशी:

"काकू, झाडांभोवतीचं सिमेंट फोडणं, कंपोस्टचे डबे हे सगळे रिटायर्ड लोकांचे रिकामपणाचे उद्योग आहेत. फोटो सगळे गल्लीच्या एकाच बाजूचे दिसतात. तुमच्या गटात भाडेकरू किती? इथे लोकांच्या डोक्यावर स्लॅबचे पोपडे पडतायत. रिडेव्हलपमेंटला हरकती घेऊन तुम्ही एरिया वाचवताय की तुमच्या गॅलरीतला व्ह्यू?"

आधी जे बरोबर आहे ते बरोबर म्हणते. फोटो एकाच बाजूचे आहेत, मान्य. समोरच्या बाजूला पागडीच्या, म्हणजे मालक वेगळा आणि राहणारे जुने भाडेकरू अशा, दोन जुन्या बिल्डिंगी आहेत, तिथे अजून काम सुरू झालेलं नाही त्यामुळे फोटो काढण्यासारखं काही नव्हतं, एवढाच विषय आहे. पुढच्या वेळी तिकडचेही टाकीन.

आता सुरुवातीपासून. "काकू" म्हटलंत. माझी हरकत नाही, गल्लीतली अर्धी मुलं मला काकूच म्हणतात, पण ती मुलं दार वाजवून, चप्पल बाहेर काढून आत येतात. तुम्ही नाव लपवून आलात आणि पहिल्याच वाक्यात काकू म्हणून पुढच्या चार वाक्यांत माझी लायकी काढलीत. वयाने मोठ्या माणसाशी बोलायची एक पद्धत असते, ती नौपाड्यात तरी अजून शिल्लक आहे असं मला वाटत होतं.

आणि रिकामपणा. हा शब्द मला लागला हे मी लपवत नाही. मी इथल्याच वाड्यात जन्मले, दोन खोल्या, सामायिक नळ, पाणी पहाटे यायचं आणि आई बादल्यांची रांग लावून ठेवायची. वडील वागळे इस्टेटला कंपनीत शिफ्टला, रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे तेव्हा आम्हा भावंडांनी वाड्यात मोठ्याने बोलायचं नाही असा नियम होता आणि तो शेजारचेही पाळायचे, कुणी सांगायला लागत नव्हतं. पुढे मी फोर्टला बँकेत लागले. ज्यांनी ठाणे स्टेशनवरून सकाळची गाडी वर्षानुवर्षं पकडलीय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल, बाकीच्यांना कळणार नाही. संध्याकाळी परत येताना गाडीत भाजी निवडायची, घरी येऊन स्वयंपाक, सासूबाईंचं दुखणं, मुलाच्या परीक्षा. तेव्हासुद्धा वाड्याच्या कमिटीत मी होते आणि वाडा पाडून आमची आत्ताची बिल्डिंग उभी राहिली त्या सगळ्या कागदपत्रांत मी होते. त्यामुळे रिटायर झाल्यावर वेळ जात नाही म्हणून सुचलेला हा छंद आहे असं कुणी म्हटलं की मला हसू येतं, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

गटात कोण आहे ते तरी विचारायचंत. पोळीभाजी केंद्र चालवणारी एक बाई आहे, ती पहाटे चारला उठते. एक नर्स आहे, नाइट करून येते आणि मग कंपोस्टचे डबे हलवून जाते. सीए करणारा एक मुलगा आहे जो आमचा हिशोब ठेवतो आणि दोन रुपयाच्या फरकासाठी मला फोन करतो. रिक्षावाला एक दादा आहे, सिमेंटचे तुकडे त्यानेच त्याच्या ओळखीच्या टेम्पोतून हलवले. यातलं रिकामं कोण?

सिमेंट फोडणं हा तुम्हाला उद्योग वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. रस्ता यूटीडब्ल्यूटी झाला, म्हणजे डांबरावर काँक्रीटचा थर चढवला, तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने काँक्रीट झाडाच्या खोडापर्यंत ओतत नेलं. खोड जिथे जमिनीत शिरतं तिथे बोटभरसुद्धा फट नाही. मग झाड जाडीला वाढणार कुठे आणि पाणी आत जाणार कुठून? त्यात वर्षाआड कुणीतरी केबलसाठी चर खणतं आणि एका बाजूची मुळं सरळ तोडून टाकतं, वरून परत पेव्हर ब्लॉक, झाड दिसायला हिरवंगार. गुलमोहराची मुळं तशीही खोल जात नाहीत, वरच्यावर पसरतात. जूनमध्ये पहिला वारा-पाऊस आला की अशीच झाडं मुळासकट आडवी होतात, खाली गाडी असते नाहीतर माणूस असतो, आणि मग आपण म्हणतो झाड धोकादायक होतं, आधीच तोडायला हवं होतं. हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात 2013 मध्येच सांगितलंय की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा. एक मीटर फक्त. आमच्या गल्लीत पार्किंगसाठी त्याच एक मीटरवरून भांडणं होतात.

ब्रेकर मशीन लावता येत नाही कारण हादऱ्याने मुळं फाटतात. गवंडी आणला, त्याने छिन्नी-हातोड्याने इंच इंच फोडलं. काँक्रीटचा थर निघाल्यावर खाली मुळं दिसली ती त्या थराला खालून चिकटून चपटी झालेली होती, रुंदीला पसरलेली, आणि सगळी एकाच दिशेला वळलेली. त्या दिशेला खणून बघितलं तर पाण्याच्या पाइपचा जॉइंट गळत होता, तेवढ्या ओलीवर ते झाड जगत होतं. खोडात क्लासच्या बोर्डाची तार होती, इतकी जुनी की साल तिच्यावरून वाढली होती, पक्कड लावून ओढली तर सालीचा तुकडा हातात आला आणि आतून चीक वाहिला. तार अर्धीच निघाली, उरलेली आता आतच राहणार. रिक्षावाला दादा तिथे उभा होता, तो म्हणाला पावसाआधी अजून दोन झाडं बघून घेऊ. बाकी कुणी काही बोललं नाही. यात रिकामपणा कुठे दिसतो ते तुम्ही मला येऊन दाखवा.

कंपोस्टबद्दल एवढंच की घनकचरा नियमांप्रमाणे ओला-सुका वेगळा करणं ही प्रत्येक घराची जबाबदारी आहे, आम्ही काही जगावेगळं करत नाही. वर्षानुवर्षं ठाण्याचा कचरा दिवा गावाला जाऊन पडला, धूर तिथल्या लोकांनी खाल्ला आणि आपण तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला जात राहिलो. डब्यांना वास येतो अशी तक्रार दुसऱ्या एकांची होती. तो पावसाळ्यात कोकोपीट कमी पडलं म्हणून आला होता, आता येत नाही. अळ्या दिसल्या म्हणून घाबरून फोन करू नका, अळ्या त्यांचं काम करतायत.

आता स्लॅबचे पोपडे. तुम्ही असं लिहिलंय की जणू आम्हाला धोकादायक इमारती काय असतात ते माहीतच नाही. 2015 च्या ऑगस्टमध्ये इथेच नौपाड्यात बी केबिनजवळ मध्यरात्रीनंतर इमारत कोसळली, 12 माणसं गेली. मी सकाळी तिथे गेले होते. त्याआधी 2013 मध्ये शीळला 74 माणसं गेली, ती तर बांधकाम चालू असलेली बिल्डिंग होती, जुनी नव्हतीच. तेव्हा हे मला शिकवू नका. आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, 30 वर्षं झाली की करायचंच असतं, आणि आमचा शेरा सी टू बी आला, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. ती आम्ही केली, कॉलमना जॅकेटिंग केलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, वर्गणीसाठी मी दारोदार फिरले आणि लोकांची बोलणी खाल्ली. सी वन म्हणजे अतिधोकादायक, ती रिकामी करून पाडायलाच लागते, त्याच्यात आम्ही कोण हरकत घेणार! समोरच्या बिल्डिंगींचं ऑडिट झालंय का, मालक करतो का, भाडेकरू त्याच्या मागे लागतात का, हे त्यांचं त्यांनी बघायचं. मी दुसऱ्याच्या मालकीच्या घरात शिरून प्लास्टर तपासू शकत नाही.

गटात भाडेकरू किती याचा हिशोब मी ठेवत नाही. ज्याला यायचंय तो येतो. रविवारी सकाळी अकराला गच्चीवर मीटिंग असते, मेसेज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, ग्रुपमध्ये नसाल तर सेक्रेटरीकडे नंबर द्यायचा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. याच्यापेक्षा खुलं काय असतं?

आणि हरकतींचं. रिडेव्हलपमेंट करायची की नाही हे सोसायटीची सर्वसाधारण सभा ठरवते, त्याची सहकारी संस्था कायद्याच्या 79अ कलमाखालची नियमावली आहे, 2019 मध्ये सुधारली गेलीय, बहुमत लागतं, सगळं लिखित आहे. मी एकटी बाई कुणाचं काय अडवणार? आम्ही हरकत घेतली ती झाडांना. कोपऱ्यावरच्या प्लॉटवर झाडं तोडायची नोटीस लागली, खोडाला चिकटवलेला कागद होता, तो वाचून आम्ही वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत दिली. 1975 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. नागरिकाने हरकत घ्यावी यासाठीच नोटीस लावतात, शोभेसाठी लावत नाहीत.

तुमचा पुढचा मुद्दा मला माहीत आहे, तुम्ही लिहिला नाहीत तरी तो गल्लीत रोज ऐकू येतो. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असला की टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, लोड करायला अडचण येते, टीडीआर नाही तर बिल्डर फिरकत नाही, आणि बिल्डर फिरकला नाही तर पागडीवाल्यांची बिल्डिंग आहे तशीच राहते. रस्ता रुंद करायचा तर दोन्हीकडून जागा सोडायला लागेल, आणि ज्या पट्ट्यातून सोडायची त्याच पट्ट्यात आमची झाडं उभी आहेत. हे सगळं मला पाठ आहे. पण रुंदीकरण हा पालिकेचा आणि प्लॉटधारकांचा विषय आहे, झाडांना माती मिळावी हा आमचा विषय आहे, दोन्हीची गल्लत करून "तुमच्यामुळे आमचं घर होत नाही" असं जर कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. जिथे टॉवर झाले तिथे काय झालं तेही बघा ना. राम मारुती रोडला संध्याकाळी चालून दाखवा. पोडियमवर चार मजले गाड्या आणि तरी रस्त्यावर डबल पार्किंग. लिफ्टमध्ये बारा वर्षं एकत्र चढणारी माणसं एकमेकांची नावं विचारत नाहीत. 26 जुलैला 2005 मध्ये आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा वरच्यांनी खालच्यांना रात्रभर घरात घेतलं, समोरच्या बिल्डिंगीतल्यांनासुद्धा, पागडीवाले की ओनरशिपवाले हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता विचारायला तुम्ही सुरुवात केलीत.

"अस्सल नौपाडाकर" हे नाव घेतलंत म्हणून एक प्रश्न विचारते, राग मानू नका, मानलात तरी चालेल. आमच्या गल्लीत पोपडे कुठे पडतायत हे तुम्हाला माहीत आहे, फोटोतली बाजू कुठली हेही ओळखलंत, म्हणजे तुम्ही जवळचेच आहात. मग सिमेंट फोडत होतो तेव्हा खिडकीतून बघत होतात का? चहा आम्ही समोरच्यांनाही विचारला होता. एकजण आले, कप घेतला, "हे झाल्यावर रस्ता कधी मोठा होणार?" असं विचारून गेले. ते तुम्हीच असाल तर समोर बोलायला हवं होतंत, मी तिथेच होते, कोपऱ्यापर्यंत मातीच्या गोण्या ओढत होते.

व्ह्यूचं राहिलं. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या गॅलरीतून समोरच्या बँकेचे एसीचे चार डबे, केबलची गुंडाळी आणि तुमच्या बाजूच्या बिल्डिंगीचा जिना दिसतो, तोही गुलमोहराला पानं नसतात तेव्हाच. बाकी आठ महिने फक्त झाडच दिसतं.